अकरा फुटी भिंतीवर बार्शी लाइट: माळ्यावरच्या खोक्यापासून चालत्या स्थानकापर्यंत

बार्शीत लहानपण गेलेले, नोकरीमुळे पुण्यात स्थिरावलेले, आता निवृत्त झालेले एक काका. १९८०च्या दशकात त्यांनी एचओ मापाच्या (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग) मॉडेल रेल्वेचा नाद केला, संसारात तो सुटला आणि सगळं सामान खोक्यात बंद होऊन माळ्यावर गेलं. नातवाला कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात नेल्यावर खोकं खाली आलं. त्यांना हवी होती लहानपणची बार्शी लाइट: कुर्डुवाडीला बदलून पंढरपूरला नेणारी छोटी गाडी. जागा म्हणजे सदनिकेतल्या एका खोलीची अकरा फुटी भिंत, म्हणजे ३३५० मिमी. मांडणीची रुंदी ४५० मिमीपेक्षा जास्त नाही, कारण समोर पलंग आहे आणि सूनबाईंची अट होती की कपाटाचं दार पूर्ण उघडलं पाहिजे.

अशी प्रकरणं सहसा मापाच्या निवडीवर अडतात, म्हणून आधी तेच.

माप ठरवताना रूळ आधी, दुकान नंतर

बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती आखली. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. तिथून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ साली उघडला. पुढे १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार आणि दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचा हलका रूळ, हे तिचं सूत्र. मालडब्यांच्या सांगाड्याचं माप एकच: २५ फूट लांब, ७ फूट रुंद. प्रवासी डबे ४० फुटी. मॉडेल करणाऱ्याला ही एकसारखी मापं म्हणजे पर्वणीच.

काकांचा पहिला विचार १:८७चा होता, कारण खोक्यात एचओ होतं. पण १:८७मध्ये ७६२ मिमी म्हणजे ८.७६ मिमी. म्हणजे ९ मिमीचा रूळ घ्यायचा, ज्याला एचओई म्हणतात. गेज जवळजवळ अचूक येतो, पण खोक्यातला एकही रूळ, एकही चाक कामाला येत नाही. त्यात २५ फुटी मालडबा ८८ मिमीचा होतो. साठी ओलांडलेल्या डोळ्यांना आणि बोटांना त्याचे कपलिंग (डबे जोडणारे आकडे) जुळवणं ही रोजची कटकट.

१:४८ घेतलं की चित्र पालटतं. ७६२ भागिले ४८ म्हणजे १५.९ मिमी, आणि एचओचा रूळ १६.५ मिमीचा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. यालाच ऑन३० म्हणतात: डबे-इंजिन ओ मापाचे (१:४८), पण खालची चाकं आणि रूळ एचओचे. मालडबा १५९ मिमी लांब, ४४ मिमी रुंद. प्रवासी डबा २५४ मिमी. हातात धरता येतो, जवळून बघता येतो.

पुण्यात १:४८चा आणखी एक फायदा आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी १:५०च्या प्रतिकृती करतात. अप्पा बळवंत चौकातल्या आणि आसपासच्या दुकानांत त्या मापाची माणसं, बोर्ड, पट्ट्या सहज मिळतात. फरक चार टक्क्यांचा, कुणाच्या बापाला कळत नाही.

काकांना कुर्डुवाडीच हवं होतं, ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी शेजारी. ते आम्ही सोडायला लावलं. १:४८मध्ये आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज ३५ मिमी होतो, एक डबा अर्ध्या मीटरपर्यंत जातो. १:८७मध्ये तोच ब्रॉडगेज १९.३ मिमी हवा. १६.५वर भागवला तर युरोपातल्या गेजचा दिसतो, आणि शेजारच्या छोट्या रुळाशी असलेलं त्याचं खरं नातं, ज्यासाठी हा खटाटोप, तेच बिघडतं. अकरा फुटांत एक आडगावचं स्थानक नीट होतं. कुर्डुवाडीसारखं जंक्शन होत नाही.

आठवणीची छाननी

आठवणीतून थेट लाकूड कापायला जाऊ नये. काकांनी आठवतं ते सगळं लिहून काढलं आणि प्रत्येक ओळ तीनपैकी एका रकान्यात टाकली: पुरावा मिळाला, पुराव्याने बदललं, पुरावा नाही. पुरावा म्हणजे तारीख माहीत असलेलं छायाचित्र, जुनं वेळापत्रक किंवा जागेवर उरलेलं बांधकाम. मार्गाचं रुंदीकरण झाल्यामुळे रूळ आता सापडत नाहीत. जुने पूल, ओटे, विहिरी मात्र काही ठिकाणी दिसतात.

सगळ्यात आधी साल ठरवावं लागतं, कारण बाकी सगळं त्यावर लोंबकळतं. काकांच्या डोक्यात १९७२ ते १९७८ असा सगळा एकच काळ होता. पण हा मार्ग ज्यात यायचा तो सोलापूर विभाग १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७च्या ऑक्टोबरात परत मध्य रेल्वेत आला. म्हणजे १९७५ धरलं तर पाटीवर आणि डब्यावर एका रेल्वेचं नाव, १९७८ धरलं तर दुसऱ्या. दोन्ही एकाच स्थानकावर आले की जाणकार लगेच बोट ठेवतो. १९७५ पक्कं केलं.

इंजिनाबद्दल काकांची खात्री होती: काळं, लांब, मागे कोळशाचा वेगळा डबा. हे बरोबर निघालं. या मार्गाची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची ०-८-४ (पुढची, जोडलेली आणि मागची चाकं) मांडणीची टाकी इंजिनं, म्हणजे पाणी-कोळसा अंगावरच वाहणारी, होती, पण नंतर २-८-२ मांडणीची, मागे कोळशाचा वेगळा डबा असलेली टेंडर इंजिनं आली आणि काकांनी पाहिली ती तीच. इथे एक मोह टाळावा लागतो. कॅलथ्रॉपनेच पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटी मार्ग बांधला, १९०४ ते १९३४ चाललेला. त्याची मॉडेलं आणि आराखडे परदेशी बाजारात मिळतात. घराणं एकच, पण ती बार्शीची इंजिनं नव्हेत. त्यावर नुसता रंग बदलून बार्शी होत नाही.

‘छपरावर माणसंच माणसं’ ही आठवण आषाढीची होती, एरवीच्या दिवसांची नाही. म्हणून दिवसही ठरवावा लागला: नोव्हेंबरातली साधी दुपार, ज्वारी उभी, वारी नाही. त्यामुळे शंभर माणसं करायचं काम वाचलं, हाही फायदाच.

काकांना पाटीवर कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावरच्या ‘मोडनिंब’ स्थानकाचं नाव लिहायचं होतं. तिथली रूळमांडणी कागदावर मिळाली नव्हती. त्यामुळे मोडनिंबच्या धाटणीचं पण काल्पनिक ‘निंबोणी रोड’ केलं. खरं नाव लावलं की प्रत्येक झाड सिद्ध करत बसावं लागतं.

खोक्यातलं काय वापरलं

खोक्यात होतं: लोखंडी रुळाचे तयार तुकडे, चार मालडबे, एक आठ जोडचाकी जर्मन बनावटीचं इंजिन आणि तारेच्या गुंडाळीचा (वेग कमी-जास्त करणारा) कंट्रोलर.

लोखंडी रूळ टाकून दिले. पुण्याच्या पावसाळ्यात त्यांना गंज चढतोच, आणि पॉलिश केलेला रूळ पुन्हा लवकर गंजतो. नवे रूळ घ्यायचे ते निकेल सिल्व्हरचे.

इंजिन आधी दोन-रुळी डीसी (दोन रुळांतून एकदिश वीज घेणारं) आहे ना, हे बघितलं: डाव्या-उजव्या चाकांमध्ये मल्टिमीटरवर थेट शॉर्ट दिसता कामा नये. मग सांगाडा तपासला. जुन्या जस्त-मिश्रधातूच्या ओतकामात शिशाची भेसळ असेल तर ते आतून फुगतं, तडकतं. अशा सांगाड्यावर एक पैसाही घालू नये. हा ठीक होता. गिअरमधलं वंगण मात्र डिंकासारखं घट्ट झालेलं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढलं. थिनर किंवा पेट्रोल लावलं की प्लॅस्टिक विरघळतं. मोटरचा आर्मेचर (आतला फिरणारा भाग) उचकटून काढायचा मोह होतो. जुना अल्निको चुंबक असेल तर आर्मेचर काढताच त्याची ताकद उतरते, म्हणून लोखंडी पट्टी लावल्याशिवाय काढू नये.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं: १४.० मिमी. हवं १४.४ ते १४.५. एवढं कमी असलं की चाक पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याच्या) फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ छेदतात त्या टोकावर, चढतं. चाकं आसावर थोडी सरकवून नीट केली. जुन्या मालडब्यांची चाकं बदललीच. त्यांचे फ्लँज (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड) इतके खोल की रुळाच्या खिळ्यांवर आदळायचे.

इंजिन धावलं, पण धडपणे सावकाश चालेना. बार्शी लाइटचा मूळ वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किमी. ४८ने भागलं तर सेकंदाला १३९ मिमी. म्हणजे २४०० मिमीचा देखावा पार करायला सतरा सेकंद लागले पाहिजेत. जुनी तीन-पोल मोटर चार सेकंदांच्या आत पळवायची आणि त्याहून हळू केली की अडखळायची.

उपाय स्वस्त निघाला. रोबोटिक्सवाले वापरतात ती एन-२० गिअर मोटर, १२ व्होल्ट, मिनिटाला २०० फेरे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. चाक १५.५ मिमी व्यासाचं, परीघ ४८.७ मिमी. एकास एक गिअर लावला तर सर्वाधिक वेग सेकंदाला १६२ मिमी, म्हणजे खऱ्या गाडीचे ताशी २८ किमी. हवं तेवढंच. मोटर दांड्यासह साधारण ३४ मिमी लांब, केबिनची रुंदी ४४ मिमी. म्हणून ती केबिनच्या फरशीखाली आडवी बसली आणि दांडा आसाला समांतर राहिल्याने साधे दातेरी गिअर पुरले. मूळ गिअरचं मॉड्यूल (दात्यांचं माप) मोजूनच पिनियन (छोटा गिअर) घ्यावा, अंदाजाने घेतला तर दाते खातात. या मोटरचा एक तोटा लक्षात ठेवावा: गिअरमुळे इंजिन हाताने ढकलता येत नाही, ढकललं तर दाते तुटतात. नातवंडांना हे आधी सांगावं.

पुढे कंट्रोलर अडला. गुंडाळीचा कंट्रोलर मोटरला मालिकेत विरोध लावतो. जुनी मोटर अर्धा अँपिअर खायची, तेव्हा ४० ओहम पुरेसे होते. एन-२० शंभर मिलिअँपिअर खाते. पूर्ण ४० ओहम घातले तरी फक्त ४ व्होल्ट पडतात, मोटरला ८ मिळतात, आणि गाडी सुटते ती झटक्यानेच. इंजिनाचा दोष समजून लोक इथे आठवडे घालवतात. कंट्रोलर काढून १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, उलट-सुलट बटण असलेला पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणारा) कंट्रोलर आणि मध्ये अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) लावला. एका वेळी एकच इंजिन चालणार असेल तर डीसीसीचा (प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीचा) खर्च कशाला?

फळ्या आणि रूळमांडणी

१२०० × ४५० मिमीच्या दोन फळ्या आणि एका टोकाला ९०० मिमीची सुटी कॅसेट, म्हणजे गाडीसकट उचलता येणारा रुळाचा तुकडा. एकूण ३३०० मिमी. वर ९ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लाय, खाली १२ मिमी प्लायच्या ७५ मिमी उंच पट्ट्यांची चौकट, सगळं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मापात कापून आणलेलं.

गाडी ठरली मिश्र: इंजिन-टेंडर २३० मिमी, दोन मालडबे, एक प्रवासी डबा. कपलिंग धरून साधारण ८३० मिमी, म्हणून कॅसेट ९०० मिमी. दृश्य भागाची लांबी अशी वाटली: एका टोकाला ३०० मिमीचा खुंटा (पुढे बंद होणारा रूळ), २२० मिमीचा पॉइंट, १२० मिमी मोकळीक, ९०० मिमी वळसा-रूळ (इंजिनाला उभ्या गाडीच्या बाजूने पलीकडे नेणारा), पुन्हा १२० आणि २२०, आणि कॅसेटपर्यंत ५२० मिमी. बेरीज बरोबर २४००. दोन फळ्यांचा सांधा १२०० मिमीवर, म्हणजे सरळ रुळात पडतो. पॉइंट सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हा नियम कागदावरच पाळावा.

खरं स्थानक मार्गावरचं, पण चालवताना ते शेवटचं स्थानक असल्यासारखं चालतं: गाडी कॅसेटमधून येते, इंजिन सुटतं, खुंट्यात जातं, वळशातून दुसऱ्या टोकाला लागतं. खुंटा गोदामामागे आणि बाभळींमागे संपतो, बघणाऱ्याला तो पंढरपूरकडे गेलेला वाटतो. वळशातून गोदामाकडे एक फाटा.

रूळ पेको या ब्रिटिश कंपनीचे ओ-१६.५ घेतले, कारण त्यांच्या स्लीपरची लांबी आणि अंतर नॅरोगेजसारखं विरळ आहे. खोक्यातले एचओ स्लीपर लांबीला चालले असते, पण ते ७ मिमीवर एक असतात. इथे १५-१६ मिमी हवं. या रुळाची उंची २.५४ मिमी, म्हणजे १:४८मध्ये १२२ मिमी. तीस पौंडी रूळ जेमतेम ८० मिमीचा. हा फरक डोळ्यांत भरतो. सुदैवाने हलक्या मार्गांवर स्लीपर मातीत बुडालेलेच दिसत. मुरूम स्लीपरच्या माथ्यापर्यंत चढवला आणि रुळाच्या कडा गंजाच्या रंगाने रंगवल्या, की फक्त माथा दिसतो आणि रूळ बारीक वाटतो. रुळाच्या आतल्या बाजूला मात्र फ्लँजपुरती एक मिमी फट सोडावीच लागते.

प्रवासी डब्याखालच्या दोन बोगींच्या (चाकगाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर १७० मिमी. पॉइंटची त्रिज्या सुमारे ९१४ मिमी. अशा वळणावर डब्याचं टोक जवळजवळ ५ मिमी बाहेर झुकतं. फलाट मध्यरेषेपासून २४ मिमीवर चिकटवला होता. पॉइंटजवळ डबा घासला. तेवढ्या भागात कड २९ मिमीवर घेतली. फलाट चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा हाताने फिरवून पेन्सिलीने रेघ मारली असती तर हे काम वाचलं असतं.

पावसाळ्याने काढलेली पायरी

फळ्यांना वरून रंग होता, खालून कोरं प्लाय. जूनअखेर सांध्यावर रुळांच्या टोकांमध्ये जवळजवळ एक मिलिमीटरची पायरी आली आणि प्रत्येक वेळी टेंडर उतरू लागला. काकांना वाटलं उन्हाळ्यात रूळ वाढला होता. हिशेब तसं सांगत नाही: निकेल सिल्व्हर दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१६ मिमी वाढतं. पंचवीस अंशांचा फरक धरला तरी २.४ मीटरला एक मिमीच्या आत, आणि तोही लांबीत, उंचीत नव्हे. उंचीत फरक आला तो लाकडामुळे. एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडं प्लाय दमटपणात वाकतंच.

दुरुस्ती तीन भागांत झाली. फळ्या उलट्या करून, आठवडाभर खोलीत वाळवून, खालून आणि सगळ्या कडांना लाखेचे दोन हात. सांध्याला बोहरी आळीतून आणलेल्या, पिन निघणाऱ्या पितळी बिजागऱ्या. पिन घातली की दोन्ही फळ्या प्रत्येक वेळी त्याच जागी येतात. आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचे शेवटचे तीन-तीन स्लीपर काढून त्या जागी तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या, पितळी स्क्रूने फळीला घट्ट, वर रूळ झाळलेला. पट्टीच्या मधोमध करवतीने तांबं कापायला विसरू नये, नाहीतर शॉर्ट. रूळ दोन फळ्यांवर अखंड झाळून शेवटी सांध्यावर बारीक करवतीने कापला, म्हणजे टोकं आपोआप समोरासमोर येतात.

हे सगळं खडी पसरण्याआधी होतं म्हणून निभावलं. उघड्या फळ्यांवर गाडी निदान एक पावसाळा चालवून मगच देखावा करावा, असं आमचं ठाम मत आहे.

खडी, माती, बाभळी

पुण्यात फुकट मिळणारी वस्तू म्हणजे क्रशरवरची कच. चहाच्या गाळणीतून चाळली की एक मिमीच्या आतले दाणे मिळतात, रंगही आपल्याकडचाच. पण दख्खनचा हा बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट असतं. चुंबक फिरवला की बारीक दाणे दाढीसारखे लटकतात. हेच दाणे रुळावर राहिले तर मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि गिअरमध्ये जातात. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तो कचेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा, दाणे लटकणं थांबेपर्यंत. काकांनी शेवटी ही कच फक्त गोदामाच्या अंगणात वापरली आणि रुळांत चाळलेला मुरूम घातला. तो १९७५च्या हलक्या मार्गाला जास्त शोभतो.

चिकटवायला फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. साबण नसला तर थेंब मुरमावर मोत्यासारखा बसतो आणि माती उडते. पॉइंटच्या सरकत्या पात्यांना आधी तेलाचं बोट.

काळी माती खरी आणली होती, बार्शीहून. तिचा जाड थर दिला तर वाळताना तडकते, आणि त्या भेगा १:४८मध्ये विहिरीएवढ्या दिसतात. ती तव्यावर भाजून, वस्त्रगाळ करून, गडद तपकिरी रंगावर ओल्या गोंदात नुसती भुरभुरवली. भाजणं किडीसाठीही गरजेचं आहे.

बाभळी वाळक्या तुळशीच्या काड्यांच्या, शंभर मिमी उंच, माथा सपाट छत्रीसारखा, पानं कुस्करलेल्या फोमची. काड्यांना लॅकर मारला नाही तर वर्षात त्यातून भुसा गळू लागतो.

गोदामाच्या पन्हाळी पत्र्यासाठी सोपी युक्ती: खऱ्या पत्र्याची लाट सुमारे ७६ मिमीची, म्हणजे १.६ मिमी. एम-१० थ्रेडेड रॉडचे आटे १.५ मिमीवर असतात. रबराच्या तुकड्यावर खाद्यपदार्थांच्या ट्रेचं ॲल्युमिनियम ठेवून वरून रॉड दाबत फिरवला की पत्रा तयार. आटे तिरके असल्याने लाटा तीनेक अंशांनी कलतात. म्हणून कापताना ट्रेच्या कडेला नाही, लाटेला समांतर कापायचं. आठ फुटी पत्रा ५१ मिमी. प्रायमर न मारता रंग दिला तर नखाने सोलून निघतो.

१:५०च्या तयार माणसांचे पाय सुटाबुटातले असतात. त्यांना टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून धोतर, शिवणाच्या दोऱ्याचा पटका. उभं माणूस ३५ मिमी. सहा पुरले.

सध्या चालू आहे ती कॅसेटची सुधारणा. २५ मिमीचे दोन ॲल्युमिनियम अँगल १२ मिमी प्लायवर, आतल्या कडांत १६.५ मिमी. अँगलच रूळ आणि तेच वीजवाहक, म्हणून दोन्हींमध्ये धातूचा स्क्रू आरपार जाता कामा नये. जोडणीसाठी दोन्ही बाजूंना पितळी पत्र्याच्या चिमट्या. ॲल्युमिनियमवर झाळ बसत नाही, त्यामुळे तारेला रिंग टर्मिनल लावून ती स्क्रूने आवळली आहे. हे स्क्रू महिन्यातून एकदा तपासून पुन्हा आवळावे लागतात.